तपासणीआधीचे तीन प्रश्न

छातीत दुखल्याची तक्रार घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो, तेव्हा त्याच्या मनात प्रश्न एकच असतो: ब्लॉकेज आहे का? मग कुणी ईसीजी काढून घेतो, कुणी टूडी इको करतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात. इथे मोठा गैरसमज आहे. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी, रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असतानाही, अगदी नॉर्मल येऊ शकतो. टूडी इको हृदयाचे स्नायू किती जोर लावतात आणि झडपा कशा चालतात ते दाखवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून किती मोकळ्या आहेत, हे त्यात दिसत नाही.

मग कुठली तपासणी करावी? त्याचे उत्तर यंत्रापाशी सुरू होत नाही. 1979 मध्ये लॉस एंजेलिसच्या जॉर्ज डायमंड आणि जेम्स फॉरेस्टर या दोघा डॉक्टरांनी तपासणीच्या आधीच आजाराची शक्यता मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वय, स्त्री की पुरुष, आणि दुखण्याबद्दल तीन प्रश्न: छातीच्या मधोमध दडपल्यासारखे होते का? चालताना, जिना चढताना किंवा मनावर ताण आला की होते का? थांबल्यावर काही मिनिटांत उतरते का? तिन्हींना 'हो' आले तर संशय बळावतो. त्यांचे मूळ आकडे आजच्या रुग्णांसाठी बरेच खाली आणावे लागले, पण विचार टिकला.

तो का टिकला, हे टीएमटीच्या उदाहरणाने पाहू. पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याची ही तपासणी, हिशेबापुरते धरू, आजारी असलेल्या 100 जणांपैकी 70 जणांना पकडते आणि निरोगी 100 पैकी 25 जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. आता तिशीतल्या, दाबले की फासळीपाशी दुखते असे सांगणाऱ्या 1000 जणी घ्या. त्यांच्यात खरा आजार 20 जणींना आहे असे समजा. त्यांतल्या 14 सापडतील; पण उरलेल्या 980 मधल्या 245 जणींचीही टेस्ट पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 259 पैकी आजारी फक्त 14. बाकीच्यांच्या वाट्याला धास्ती, खर्च आणि कदाचित गरज नसलेली अँजिओग्राफी.

आता साठीकडे झुकलेले, मधुमेह असलेले, चढावर छाती भरून येणारे 1000 पुरुष घ्या, आणि त्यांतले 600 आजारी आहेत असे धरा. टेस्ट निगेटिव्ह येईल 480 जणांची, आणि त्यांतल्या 180 जणांना आजार असेलच. तीच तपासणी, तोच पट्टा. पण एकीकडे 'पॉझिटिव्ह'वर भिस्त ठेवता येत नाही, दुसरीकडे 'निगेटिव्ह'वर. काहीही त्रास नसलेल्यांना हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सरसकट टीएमटी करायला लावणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

शक्यता मधली असते, तिथे गेल्या काही वर्षांत सीटी अँजिओग्राफीने चित्र पालटले. स्कॉटलंडमधल्या 'स्कॉट-हार्ट' या अभ्यासात छातीत दुखणारे 4146 रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सीटी अँजिओग्राफीही केली. पाच वर्षांत हृदयरोगाने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण त्यांच्यात 2.3 टक्के राहिले, इतरांत 3.9 टक्के. विशेष म्हणजे पाच वर्षांचा हिशेब पाहता या गटात स्टेंट किंवा बायपास जास्त झाले नव्हते. धमनीच्या भिंतीतला, अजून अडथळा न झालेला चरबीचा थरही स्कॅनमध्ये दिसला आणि कोलेस्टेरॉलची गोळी जास्त लोकांना वेळेत सुरू झाली. टीएमटीला हा थर सहसा कळत नाही.

तरीही सीटी सगळ्यांना नको. धमन्यांत कॅल्शियम फार साठले असेल किंवा नाडी जलद असेल तर चित्र अस्पष्ट येते; मूत्रपिंड अधू असेल तर डायचा विचार करावा लागतो. आधीच स्टेंट असलेल्याच्या बाबतीत, स्नायूला रक्त पुरेसे पोचते का हा प्रश्न बहुधा महत्त्वाचा असतो. त्यासाठी स्ट्रेस इको किंवा स्ट्रेस थॅलियम उपयोगी पडते. मधुमेहींना आणि बऱ्याच स्त्रियांना दुखण्याऐवजी धाप लागते किंवा मळमळते, म्हणून तीन प्रश्नांत बसली नाही एवढ्यावरून त्यांची तक्रार झटकून टाकू नये.

हे सगळे झाले सवडीने विचार करता येण्याजोग्या दुखण्याबद्दल. अचानक सुरू झालेले, विश्रांती घेऊनही न थांबणारे, घाम फोडणारे, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारे दुखणे आले तर निवड करत बसू नका. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, आणि रक्तातले ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासावे लागते, कारण पहिले नॉर्मल असू शकते. पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, स्वतः गाडी चालवत जाऊ नका; 108 ला फोन करा.