ओळख वाइनची – लेखांक ६ : कोवळ्या बोर्दोची पारख

गेल्या आठवड्यात बाटलीवरचे लेबल कसे वाचायचे ते पाहिले. आता बूच काढायचे.

न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या कंटेनरांमधून फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइनही येते. बाटलीबंद वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयात शुल्क लागत आले, त्यावर राज्याचे कर. वाशी किंवा नेरूळच्या दुकानात पोहोचेपर्यंत किंमत कितीतरी पट झालेली असते. एवढे पैसे मोजणाऱ्याला पहिल्याच घोटाला सुख हवे असते. पण तोंड कोरडे पडते, हिरड्या आवळतात आणि गिऱ्हाईक हिरमुसते.

हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. बोर्दोत जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर, मेदोकच्या खडेदार जमिनीत, कॅबरने सोव्हिन्यो हे द्राक्ष प्रमुख. त्याचे मणी लहान, साल जाड. त्यामुळे रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त, आणि टॅनिन तिथेच असते. पुढे ही वाइन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत साधारण दीड वर्ष मुरते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, म्हणून तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. उजव्या काठावर पोमेरोलच्या चिकणमातीत मेर्लोचे राज्य आहे. तिथली वाइन तुलनेने लवकर मऊ होते.

पारख सुरू होते तापमानापासून. १६ ते १८ अंश योग्य. नवी मुंबईच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान तिशीच्या पुढे असते आणि तेवढ्या उष्ण वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात घुसते. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून थंड करावी. ग्लास एकतृतीयांशच भरावा.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की कोवळ्या वाइनची कड जांभळी दिसते; वय वाढते तशी ती विटकरी होते. तीन-चार वर्षांच्याच बाटलीत कड तपकिरी दिसली, किंवा बूच वर सरकलेले असले, तर वाटेत किंवा गोदामात उष्णता लागल्याचा संशय घ्यावा.

मग वास. आधी ग्लास न हलवता, नंतर फिरवून. काळ्या फळांचा आणि देवदाराच्या लाकडाचा गंध अपेक्षित आहे. ढोबळी मिरचीचा वास ठळक असेल, तर द्राक्षे नीट पिकली नव्हती. २०१३च्या थंड, पावसाळी हंगामात बोर्दोच्या बागाईतदारांपुढे हीच अडचण होती. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र दोष बुचाचा. ती बाटली परत करावी.

आता घोट. टॅनिन किती, यापेक्षा ते कसे, हे महत्त्वाचे. कोरा चहा बेताचा उकळला तरी तुरट लागतो आणि जास्त उकळला तरी. पण दुसऱ्यात कडवट खरखर उरते. चांगल्या वाइनचे टॅनिन बारीक असते, तोंडभर सारखे पसरते आणि आंबटपणा त्याला जिवंत ठेवतो. घोट गिळल्यावर मनात सेकंद मोजावेत. तुरटपणा ओसरल्यावरही फळाची चव रेंगाळत असेल, तर वाइनला भविष्य आहे. फळ आधी संपून नुसता कोरडेपणा उरला, तर दहा वर्षे ठेवूनही ती सुधारणार नाही.

बोर्दोतले व्यापारी आणि समीक्षक दर वसंतात हीच परीक्षा घेतात. पिंपातल्या जेमतेम सहा महिन्यांच्या वाइनवरून ते तिचे भविष्य वर्तवतात. १९८२च्या हंगामाबद्दल काही जाणकार साशंक होते. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तो ठामपणे उचलून धरला, पुढे त्या वाइन उत्तम मुरल्या आणि पार्कर यांचे नाव झाले.

सरावासाठी मात्र बोर्दोच हवी असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेजे आणि कॅबरने सोव्हिन्यो यांच्या मिश्रणाची वाइन आहे. इटलीचे पिएरो मासी यांनी ती घडवली. हीच कसोटी तिलाही लावून पाहावी आणि रंग, वास, टॅनिन, चवीची लांबी यांची वहीत नोंद ठेवावी.

पुढच्या आठवड्यात : कोवळी वाइन डिकँटरमध्ये ओतल्याने काय बदलते?