पुंगळी काढली, पिकअप गेला

रविवारी सकाळी किकवीला महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला डोळे मिटूनही बरंच काही कळतं. येणारी मोटारसायकल एका सिलिंडरची आहे की दोन, सायलेन्सर कंपनीचा आहे की बाहेरून बसवलेला, आणि चालवणाऱ्याला त्याचं किती कौतुक आहे, हे सगळं गाडी दिसायच्या आधी ऐकू येतं. पुण्यातून निघालेले हे लोक कात्रजच्या नव्या बोगद्यात एकदा मनसोक्त रेस करून घेतात. काही जण चेलाडी फाट्याला राजगड-तोरण्याकडे वळतात, काही कापूरहोळला भोर आणि वरंध घाटाकडे. उरलेले किकवी, सारोळा, नीरेचा पूल असं करत खंबाटकीकडे जातात. यातल्या बऱ्याच गाड्या आता ‘अ‍ॅडव्हेंचर’ जातीच्या असतात: उंच, लांब सस्पेन्शनच्या, पेट्या लटकवलेल्या आणि एकाच सिलिंडरच्या.

या गाडीचा पुण्याशी घरोबा आहे. केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते. गाड्यांचा आवाज आणि धूर तपासून प्रमाणपत्र देणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ सालची, कोथरूडला टेकडीवर आहे. ते प्रमाणपत्र मिळालेला सायलेन्सर काढून दुसरा लावायचा असेल, तर दुकानही पुण्यातच सापडतं. दुकानात तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो, हा लावला की पिकअप वाढतो आणि आवाज भारी येतो. तिसरं वाक्य निर्विवाद खरं आहे.

पहिल्या दोन वाक्यांमागे एक समजूत आहे: सायलेन्सर म्हणजे धूर बाहेर सोडायचं गटार, आणि गटार जितकं मोकळं तितकं बरं. दुसऱ्या बाजूला जुने मेकॅनिक सांगतात, की इंजिनाला थोडं ‘बॅक प्रेशर’ लागतंच. गंमत अशी, की दोन्ही बाजू चुकतात. उलटा दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते योग्य वेळी परत येणारी दाबाची लाट.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा स्फोट होतो. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर सेकंदाला ३३ स्फोट. प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो, आणि तो एका धक्क्यात इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपमध्ये घुसतो. वायू पुढे सरकतोच, पण त्याच्याही पुढे दाबाची लाट पळते. साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास असतो. ५०० अंश सेल्सियसच्या तापलेल्या धुरात तोच ५५० मीटरच्या घरात जातो. मीटरभर पाइप संपून सायलेन्सरचा मोठा डबा सुरू होतो, तिथे जागा एकदम रुंदावते आणि लाटेचा काही भाग उलटून मागे फिरतो. उलटून म्हणजे अक्षरशः उलटून: गेली ती जास्त दाबाची, परत येते ती कमी दाबाची. जाऊन येऊन दोन मीटरना तिला चार मिलिसेकंदांहून थोडा कमीच वेळ लागतो.

आता व्हॉल्व्हचं वेळापत्रक पाहा. ४,००० फेऱ्यांवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण दहा मिलिसेकंद उघडा राहतो. म्हणजे लाट त्या अवधीत अडीच-पावणेतीन वेळा ये-जा करते. एकदा ओढ घेऊन येते, व्हॉल्व्हवरून परावर्तित होऊन पुन्हा जाते, आणि पुढच्या खेपेला दाब घेऊन येते. एक्झॉस्टच्या शेवटी काही क्षण दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात, जेमतेम दीड-दोन मिलिसेकंद. त्या फटीत ओढणारी लाट हजर झाली, तर उरलासुरला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि मागोमाग ताजी हवा-पेट्रोल आत शिरायला लागते, पिस्टन खाली जायच्या आधीच. महामार्गाच्या कडेला उभं असताना भरधाव एसटी गेली की तिच्यामागे आपण ओढले जातो, तसंच. पण त्याच फटीत ढकलणारी लाट पोचली, तर जळका वायू पुन्हा आत येतो आणि त्या फेऱ्यांवर टॉर्क खाली बसतो. ८,००० फेऱ्यांवर व्हॉल्व्ह पाचच मिलिसेकंद उघडा असतो, त्यामुळे तिथे हिशेब पूर्ण वेगळा पडतो. एका वेगाला साथ देणारा पाइप दुसऱ्या वेगाला नडतो. सगळीकडे साथ देणारा पाइप अजून कोणी बनवलेला नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात शेजारच्या सिलिंडरचे धक्के एकमेकांना सांभाळून घेतात. एका सिलिंडरला शेजारी नाही, त्याच्याकडे फक्त स्वतःचा पडसाद असतो. म्हणून या गाड्यांत पाइपची लांबी, व्यास आणि डब्याचं तोंड यांतला बदल चटकन जाणवतो.

कंपनीने हा पडसाद कुठल्या वेगासाठी जुळवला आहे, ते इंजिनाच्या मापांवरून ताडता येतं. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनचा सिलिंडर ७८ मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक ८६ मिलिमीटर. ४११ सीसीच्या या लांब स्ट्रोकच्या, सावकाश इंजिनाचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० ते ४,५०० फेऱ्यांवर मिळतो. २०२० सालच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची मापं नेमकी उलटी: ८९ मिलिमीटर रुंद, स्ट्रोक ६० मिलिमीटर, आणि सगळी ताकद ९,००० फेऱ्यांवर. ही दोन्ही इंजिनं एकाच दुकानात, एकाच नमुन्याचा डबा लावून ‘ट्यून’ होतात. वरंध घाटाच्या वळणावर मागे सामान, पुढे खडी, दुसरा गिअर, इंजिन तीन-साडेतीन हजारांवर. तिथे हवा असतो तो टॉर्क. मोकळा डबा फायदा देतोच तर बहुधा वरच्या टोकाला देतो, जिथे या रस्त्यावर आपण क्वचितच जातो.

मग चालवणाऱ्याला गाडी चपळ झाल्यासारखी का वाटते? मुख्य कारण कान. थ्रॉटल तेवढाच पिळला तरी आवाज जास्त येतो, आणि मेंदू त्याची ताकद समजतो. दुसरं कारण वजनाचं. कंपनीच्या जाड डब्याजागी टायटॅनियमचा लावला तर दोन-तीन किलो वाचतात. दोनशे किलोची गाडी आणि वर आपण, यात हा वाटा एक टक्क्याच्या आसपास. सकाळचा नाश्ता वगळूनही थोडाफार तोच परिणाम साधेल, पण त्याचा आवाज येत नाही.

आवाज मारायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत डब्याच्या आत कप्पे आणि नळ्या असतात. लाटा त्यात आपटून, उलटून एकमेकींना खोडतात. दुसऱ्या रीतीत मधून सरळ, भोकं पाडलेली जाळीची नळी आणि भोवती काचतंतूंची लोकर. बाजारातले बहुतेक ‘फ्री-फ्लो’ डबे या दुसऱ्या जातीचे. लोकर तीक्ष्ण, वरचे स्वर छान गिळते. पण ३३ हर्ट्झच्या ठोक्याची हवेतली लाट दहा मीटर लांब असते, आणि दोन-तीन सेंटिमीटर लोकरीला ती दादच देत नाही. म्हणून तो भरीव, छातीत वाजणारा ‘धब-धब’ मिळतो, ज्यासाठी लोक पैसे मोजतात. ही लोकर हळूहळू जळून, उडून जाते आणि आवाज आपोआप वाढत राहतो, हे मात्र विकताना फारसं सांगत नाहीत.

त्यात मोजमापाची एक खोच आहे. कायद्याचं डेसिबल माणसाच्या कानाप्रमाणे वजन देऊन मोजलं जातं, आणि त्या वजनात ३० हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ ४० डेसिबलने कमी धरला जातो. यंत्र ज्याकडे दुर्लक्ष करतं तोच ठोका भिंती ओलांडतो आणि खिडकीची काच थरथरवतो. रस्त्याकडेच्या घरातल्या माणसाची तक्रार आणि यंत्रावरचा आकडा जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे.

१७५ सीसीवरच्या दुचाकीला मर्यादा आहे ८० डेसिबलची, गाडी वेग घेत असताना साडेसात मीटरवरून मोजलेली. डेसिबल हे गुणाकाराचं माप आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट झाली. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे ९० डेसिबलच्या गाडीचा आवाज ८० वर यायला जवळपास २४ मीटर लागतात, आणि १०० डेसिबलच्या गाडीला ७५. पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतली आवाज मारणारी नळी, काढलेली एक गाडी किकवीसारख्या गावातून गेली, तर तिचा ‘साडेसात मीटर’ रस्त्याच्या दोन्ही अंगांना कितव्या घरापर्यंत पोचतो, याचा हिशेब कोणीही पावलांनी मोजून करू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेरच्या आवाजाला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद आहे. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोलर फिरवतात, ते फोटो आपण पाहतोच.

बसवण्याच्या कामातही भौतिकशास्त्र आडवं येतं. स्टेनलेस स्टीलचा मीटरभर पाइप ५०० अंशांनी तापला की साडेआठ मिलिमीटर लांब होतो. म्हणून चांगल्या डब्याला जोडणीत सरकता सांधा आणि स्प्रिंगा असतात. घाईतला मेकॅनिक तो सांधा वेल्डिंगने पक्का करतो, आणि काही महिन्यांनी तडा जातो तो दुसरीकडेच, ब्रॅकेटला किंवा इंजिनाच्या तोंडाशी. बेंड पाइपचं गॅस्केट जुनंच ठेवलं आणि तिथे बारीक फट राहिली, तर उलटलेली लाट त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतं. थ्रॉटल सोडला की न जळलेलं पेट्रोल आणि ओढलेली हवा तापल्या पाइपात भेटतात आणि ‘फट-फट’ वाजतं. पुष्कळांना ते ट्यूनिंगचं लक्षण वाटतं. अनेकदा ती गळती असते.

फट नसली तरी मिश्रणाचा प्रश्न उरतोच. सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू सावकाश चालीत दुरुस्ती करतं, पण थ्रॉटल पूर्ण उघडला की बऱ्याच गाड्यांत ते कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरच चालतं. तो तक्ता, म्हणजे मॅपिंग, जुन्या सायलेन्सरचा. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. इथेनॉल वाढण्याआधीच्या गाडीत मिश्रण त्यानेच थोडं पातळ झालेलं असतं. मोकळा पाइप ते आणखी पातळ करू शकतो. खंबाटकी चढताना इंजिन जास्त तापण्याचं हे एक कारण. मॅपिंग न बदलता बेंड पाइपसकट ‘फुल सिस्टीम’ बसवणं मला अर्धवट काम वाटतं. नुसता मागचा डबा बदलणाऱ्या ‘स्लिप-ऑन’चा धोका त्यामानाने कमी, कारण बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर त्याच्या पुढे, इंजिनाजवळ असतात. पण सगळ्याच गाड्यांत नाही, आणि हे डबा सोडवण्यापूर्वी पाहायचं असतं.

कारण कन्व्हर्टर गेला की जे बाहेर जातं ते सगळंच नाकाला कळत नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर दिलेली ती मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी अडीचशे-तीनशे अंशांना कामाला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनचे ऑक्साइड तिन्ही एकदम निपटते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहामध्ये दुचाकीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा आहे किलोमीटरला ०.०६ ग्रॅम, आणि ती जाळीशिवाय गाठणं जवळपास अशक्य. एआरएआयसारख्या ठिकाणी ही मोजणी गाडी रोलरवर पळवून होते. पेट्रोलपंपाशेजारच्या पीयूसी केंद्रात गाडी जागेवर फुरफुरत असते आणि यंत्र फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा रकानाच तिथे नसतो. त्यामुळे जाळी काढलेली गाडी नीट ट्यून केलेली असेल, तर पीयूसीचा कागद तिलाही मिळू शकतो.