दुकानातलं बेअरिंग महाग का?

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या वर्कशॉपला 6205 नंबरचं बेअरिंग लागलं (आतला व्यास 25 मिमी, बाहेरचा 52), की मोबाइलवरचा भाव आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या दुकानाचा भाव यांची तुलना होतेच. दुकानदार लुटतो, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. त्याच्याकडे माल बहुधा वितरकामार्फत येतो आणि प्रत्येक हाताचा नफा भावात चढतो. ऑनलाइन विक्रेता बहुतेक वेळा पैसे आधी घेतो. दुकानदार ओळखीच्या कारखान्याला महिना-दीड महिना उधारी देतो, क्वचितच खपणारे नंबरही फळीवर ठेवतो. अडकलेल्या भांडवलाचं व्याज शेवटी किमतीतच येतं.

तुलना करताना बिल नीट पाहा. आपला जीएसटी नंबर असलेलं बिल मिळालं, तरच नोंदणीकृत उद्योजकाला 18 टक्के कराची वजावट मिळते. एरवी स्वस्त दिसणारं बेअरिंग महाग पडतं. शिवाय नकली मालाची भीती आहेच.

भर पाळीत मशीन थांबलं, तर दोन दिवसांनी येणारं पार्सल कामाचं नाही. म्हणून तातडीचा माल गावातच घ्या, पण ऑनलाइन भाव दाखवून रोखीचा दर जरूर मागा.