सही करण्याआधी

आमच्या शाळेत एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. गावात त्याला आता मुलेबाळे आहेत. मुलगा हुशार. तोंडी हिशेब झटकन करी. बिघडलेले कुलूप उघडून नीट करी. पण पुस्तक हाती दिले की त्याला घाम फुटे. ‘घर’ला ‘धर’ वाची, ‘भात’चे ‘मात’ करी. आम्ही त्याला आळशी म्हणालो. छड्याही मारल्या. सातवीनंतर त्याने शाळा सोडली.

चूक आमची होती. काही माणसांची नजर चांगली असते, बुद्धीही चांगली असते. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी मनात लवकर जमत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. शिकवण्याची रीत बदलली आणि वेळ जास्त दिला, तर असा माणूस पुष्कळ वाचू लागतो. २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्काच्या कायद्यात या अक्षमतेचे नाव आले. आमच्या छड्या त्याआधीच्या.

मुलगा मोठा झाला, सुतारकाम करू लागला. एकदा शेताच्या बांधावरून मारामारी झाली. पोलिसांनी त्याला धरले. कोर्टाने जामीन दिला. कागदावर अट होती, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची. कागद पुढे आला. “वाचलंत ना?” “हो साहेब.” झाली सही!

सही त्याला येत होती. वाचले मात्र काहीच नव्हते. तीन सोमवार गेले. त्याने अट मुद्दाम मोडली असे सर्वांना वाटले, आणि जामीन रद्द व्हायची वेळ आली. त्याची बायको आमच्याकडे रडत आली. आम्ही त्याला विचारले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “गुरुजी, सातवी शिकलेला माणूस वाचता येत नाही म्हणून कसं सांगंल?”

इथेच घोटाळा होतो बघा. २०२१ सालच्या सरकारी नोंदीत तुरुंगातल्या दर चार माणसांत साधारण एक निरक्षर होता. आमचा सुतार त्या मोजणीत असता, तर शिकलेल्यांत धरला गेला असता! सातवीचा दाखला आहे ना.

कायदा असा आंधळा नाही. तुम्ही फिर्याद तोंडी सांगितलीत तर पोलिसांनी ती लिहून घ्यावी, तुम्हाला वाचून दाखवावी, मग सही किंवा अंगठा घ्यावा, आणि नक्कल फुकट द्यावी. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे नवे कायदे लागू झाले. त्यांतही हे कायम आहे. तपासात पोलिसांपुढे जो जबाब देता, त्यावर सही लागतच नाही. कुणाला पकडले तर का पकडले ते त्याला सांगावे लागते आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत.

आणि सांगायचे ते समजेल असे सांगावे लागते. नागपूरच्या एका माणसाला खटल्यावाचून स्थानबद्ध केले होते. त्याची कारणे त्याला इंग्रजीत लिहून दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत मागितली, ती मिळाली नाहीत. तोंडी समजावले होते, असे सरकार म्हणाले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, एवढे पुरत नाही. आणि त्याला सोडले. लांबलचक कागद एकदा ऐकून कुणाच्या ध्यानात राहतो? आमच्या तर राहत नाही.

पण समोरच्याला तुमच्या मनातले कळत नाही. “मला वाचता येत नाही, वाचून दाखवा,” हे तोंडाने सांगावे लागते.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. कोठडीत असलेला माणूस, स्त्रिया, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना वकील फुकट मिळतो. इतर गरिबांनाही मिळतो, त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनचा नंबर १५१००.

आम्ही सुताराला घेऊन तिथे गेलो. मिळालेल्या वकीलबाईंनी सारी हकीकत मॅजिस्ट्रेटसाहेबांना सांगितली. जामीन टिकला. पुढच्या तारखेला कागद आला तेव्हा सुताराने तो दोनदा वाचून घेतला, तारीख बोटांवर मोजली, मग सही केली. कारकून जरा चिडला म्हणे. चिडू दे.