रोमन सुवर्णमुद्रा व त्यांवरील चित्रें

नाणें हातीं आलें म्हणजे आपण त्याची किंमत पाहतों. त्यावरील चित्राकडे क्वचितच लक्ष देतों. प्राचीन रोमन साम्राज्यांत मात्र तें चित्र म्हणजे सम्राटाची दवंडीच असे. वर्तमानपत्रें नसलेल्या त्या काळीं गादीवर कोण आहे व त्यानें काय जिंकलें, हें दूरदूरच्या प्रांतांत नाण्यावरून कळे.

ऑगस्टसच्या काळीं सोन्याच्या नाण्यास ‘ऑरियस’ म्हणत. त्याचें वजन सुमारें ८ ग्रॅम असून रुप्याच्या २५ डेनेरियसांबरोबर तें चाले. सोन्याची चकती दोन कोरीव ठशांमध्यें ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला कीं एका अंगास सम्राटाचें मुख व दुसऱ्या अंगास त्याचा संदेश उमटे.

या संदेशांत विजयाचा डौल फार. इ. स. ७० मध्यें यरुशलेमेचा पाडाव झाला, त्या वेळीं व्हेस्पेशियन हा बादशहा होता. त्याच्या एका ऑरियसवर, जिंकलेल्या शस्त्रांच्या विजयस्तंभापाशीं एक स्त्री शोक करीत बसलेली दिसते. खालीं ‘यहूदिया’ अशीं अक्षरें आहेत. एका राष्ट्राचे अश्रु दुसऱ्यानें सोन्यांत कोरून मिरविले!

पुढें चौथ्या शतकाच्या आरंभीं कॉन्स्टंटाइनानें ‘सॉलिडस’ हें नवें नाणें पाडलें. एका रोमन रत्तल सोन्यांतून तीं ७२ निघत, आणि त्यांची शुद्धता कित्येक शतकें टिकली. याच नाण्यावर दुसऱ्या जस्टिनियनानें, आपल्या पहिल्या कारकीर्दींत (६८५–६९५), दर्शनी बाजूस ख्रिस्ताचें मुख घातलें. स्वतः तो मागल्या बाजूस गेला व हातांत क्रूस घेऊन ‘ख्रिस्ताचा दास’ म्हणून उभा राहिला.

हें नाणें वर्गांत वर्णन करितांना आम्हांस प्रथम धन्यता वाटते, आणि मग आम्हीं थबकतों. कारण हाच राजा प्रजेशीं दासासारखा वागला नाहीं. करांच्या जुलुमानें लोक त्रासले, आणि ६९५ मध्यें त्याचें नाक कापून त्यास हद्दपार करण्यांत आलें. सोनें शुद्ध, चित्र पवित्र. परंतु वर्तनांत हीण होतें.

आपल्या प्रभूनेंहि एकदां रुप्याचें नाणें मागून, त्यावर मुख कोणाचें, असें विचारलें होतें. तोच प्रश्न आम्हीं आपल्या विद्यार्थ्यांस व स्वतःसहि विचारतों. सोन्यावर ठसा उमटण्यास हातोड्याचा एक घाव पुरे. मनावर तो उमटण्यास रोजचें आचरण लागतें.