किनाऱ्यावर विसावलेली पाणबुडी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु देशाच्या संरक्षणसिद्धतेशी या जिल्ह्याचा जुना संबंध आहे. देवळाली येथे तोफखान्याचे प्रशिक्षण दिले जाते. ओझर येथे १९६४ मध्ये लढाऊ विमानांचा कारखाना स्थापन झाला. त्यामुळे तोफ आणि विमान येथील विद्यार्थ्यांना अपरिचित नाहीत. पाणबुडीची गोष्ट वेगळी आहे. दृष्टीआड राहणे हाच तिचा धर्म असल्यामुळे सेवेत असेपर्यंत ती सर्वसामान्य नागरिकांना जवळून पाहावयास मिळत नाही. ती पाहण्याची संधी आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम येथे उपलब्ध आहे.

तेथील रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर भारतीय नौदलाची ‘कुरसुरा’ ही पाणबुडी संग्रहालयाच्या रूपाने जतन करण्यात आली आहे. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धकाळात तिने गस्तीची कामगिरी बजावली आणि ३१ वर्षांच्या सेवेनंतर २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली.

पाणबुडीच्या पोटात

सुमारे ९१ मीटर लांबीच्या या पाणबुडीत एकामागून एक असे सात कक्ष आहेत. एका कक्षातून दुसऱ्या कक्षात जाण्यासाठी लहान गोल दारांतून वाकून जावे लागते. एखाद्या कक्षात पाणी शिरल्यास दार घट्ट बंद करून उरलेली पाणबुडी वाचविता यावी, हा त्यामागील हेतू होय. येथे सुमारे ७५ नौसैनिक राहत असत. पाणतीर, यंत्रे, नळ्या आणि झोपण्याच्या अरुंद फळ्या यांची दाटी पाहिली, म्हणजे त्यांच्या खडतर जीवनाची कल्पना येते. निवृत्त नौसैनिक येथे मार्गदर्शक म्हणून काम करतात. त्यामुळे प्रत्येक यंत्राची माहिती अनुभवी व्यक्तीकडून मिळते.

पाठ्यपुस्तकातील विज्ञान येथे प्रत्यक्ष दिसते. बाहेरील टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की पाणबुडीचे वजन वाढून ती बुडते. दाबयुक्त हवेने ते पाणी बाहेर लोटले की ती वर येते. डिझेल इंजिनांना हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावर किंवा हवानळी पाण्याबाहेर काढून चालविली जातात व त्यांवर बॅटऱ्या भारित केल्या जातात. खोल पाण्यात पाणबुडी या बॅटऱ्यांवरील विजेच्या मोटारींनी चालते.

एक नौका गेली, एक राहिली

अशीच संधी महाराष्ट्रालाही लाभली होती. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही देशाची पहिली विमानवाहू नौका होय. १९७१ मध्ये तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळच बुडाली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून नागरिकांना पाहता येऊ लागली. तथापि, तिच्या कायमस्वरूपी जतनाचा खर्च उचलणारा भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती प्रेक्षकांसाठी बंद झाली. न्यायालयीन प्रयत्नही निष्फळ ठरले व नोव्हेंबर २०१४ मध्ये दारुखाना येथे ती तोडण्यास प्रारंभ झाला.

दोन्ही नौकांच्या आकारात मोठा फरक होता, हे खरे. तरीही त्यांच्या भवितव्यातील अंतर विचार करावयास लावते. ‘विक्रांत’ अखेरपर्यंत पाण्यात उभी होती. खाऱ्या पाण्यात लोखंड सतत गंजते, तळाची दुरुस्ती वारंवार करावी लागते आणि हा खर्च कधी संपत नाही. ‘कुरसुरा’ मात्र पाण्याबाहेर काढून काँक्रीटच्या पायावर बसविण्यात आली. तिची जबाबदारी स्थानिक विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आली. ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. प्रवेशशुल्काचे उत्पन्न देखभालीस उपयोगी पडते.

महाराष्ट्रासमोर हा प्रश्न पुन्हा आला आहे. २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळ सागरतळी संग्रहालय म्हणून ठेवण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे.

अशा वास्तूचे जतन करावयाचे, तर सोहळ्याइतकेच त्यानंतरच्या वर्षांचेही नियोजन हवे. गावाच्या चौकात जुना रणगाडा अथवा विमान उभे करू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायतीलाही हाच नियम लागू पडतो. पक्का पाया, देखभालीसाठी वार्षिक तरतूद आणि माहिती देणारा जाणकार या तीन गोष्टींची सोय आधी करावी. शिक्षकांनी सहलीपूर्वी तरंगण्याचे व बुडण्याचे तत्त्व वर्गात समजावून सांगितल्यास ‘कुरसुरा’ची भेट विद्यार्थ्यांना अधिक फलदायी ठरेल. स्वागत थाटात झाले आणि देखभाल मागे पडली, तर शौर्याची खूणही शेवटी भंगारात जाते, हे ‘विक्रांत’ने दाखवून दिले आहे.