चौऱ्याहत्तर चाकांमागची माणसं

जुलै 2019मध्ये महाराष्ट्रातून निघालेला एक ट्रक जुलै 2020मध्ये तिरुवनंतपुरमला पोचला. अंतर सुमारे 1,700 किलोमीटर, चाकं 74 आणि सोबत 32 माणसं. ट्रेलरवर अंबरनाथला तयार झालेला, सुमारे 70 टनांचा, साडेसात मीटर उंच ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी भट्टी, होता. तो विक्रम साराभाई अवकाश केंद्रात न्यायचा होता. वाटेत झाडं छाटावी लागली, विजेच्या तारा हटवाव्या लागल्या आणि टाळेबंदीत आंध्र प्रदेशात मुक्काम पडला. तरीही माल सुखरूप उतरला.

अशा मालाला वाहतूकदार ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात. साध्या ट्रकची रुंदी 2.6 मीटरच्या आत आणि मालासकट वजन जास्तीत जास्त 55 टन असावं, असा नियम आहे. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, रिफायनरीचे कॉलम या मापात बसत नाहीत. ते विशेष परवानगीने, हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरवर जातात.

हा ट्रेलर जवळून पाहण्यासारखा असतो. ॲक्सलच्या एका ओळीत साधारण आठ टायर असतात आणि माल वाढेल तशा ओळी जोडत जातात. प्रत्येक चाकजोडीवर तेलाचा सिलिंडर असतो. हे सिलिंडर पाइपांनी तीन किंवा चार गटांत बांधलेले असतात. गटातल्या सगळ्या सिलिंडरांत दाब सारखाच राहतो, त्यामुळे एखादं चाक खड्ड्यात उतरलं तरी त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यावर पडत नाही. तीन गट केले की भार तीन बिंदूंवर तोलला जातो. मालाचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाबाहेर गेला तर ट्रेलर उलटतो. म्हणून ऑपरेटर ट्रेलरसोबत पायी चालतो आणि प्रत्येक गटाच्या गेजवर नजर ठेवतो. रस्ता एका अंगाला कलला आणि काटा सरकला, की तो लीव्हर दाबून त्या बाजूला तेल सोडतो आणि मालाचा तळ पुन्हा समतल करतो. वळणावर मागची चाकंही तोच वळवतो.

पुढे ओढतो तो पुलर. पकड मिळावी म्हणून त्याच्या मागच्या चाकांवर मुद्दाम वजन लादतात. घाटात दुसरा पुलर मागून ढकलतो आणि उतारावर तोच मागे धरून ठेवतो. दोन्ही ड्रायव्हरांनी वॉकीटॉकीवरच्या एका शब्दासरशी क्लच सोडायचा असतो.

या कामात शिरायचं तर आधी हलक्या वाहनाचा परवाना हवा. तो वर्षभर हाती असल्यावर वाहतुकीच्या वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळतं. वयाची अट 20 वर्षांची आहे. आठवी पास असण्याची अट 2019मध्ये निघाली. पण खरं शिक्षण हेल्पर म्हणूनच सुरू होतं: साखळ्या आवळायच्या, टायर बदलायचे, वर चढून तारांवर लक्ष ठेवायचं. हात बसला की तेलाला दाब देणारा पॉवर पॅक आणि लीव्हर हाती येतात किंवा पुलरचं स्टिअरिंग. पुढे रूट सर्व्हे येतो. पुलाची ताकद, कमानीची उंची आणि वळणाची त्रिज्या आधीच मोजून ठेवायची. माल निघण्यापूर्वीच तो पोचणार की नाही, हे तिथे ठरतं. ज्याला लीव्हर, स्टिअरिंग आणि सर्व्हे ही तिन्ही कामं येतात, त्याला मालक सहसा सोडत नाही.

इथेच मोठी उणीव आहे. ट्रेलरसोबत चालणाऱ्या ऑपरेटरसाठी मोटार वाहन कायद्यात परवान्याचा वेगळा वर्ग नाही. त्याचं कौशल्य उस्तादाच्या शब्दावर तोललं जातं. नोकरी बदलली की त्याला पुन्हा शून्यापासून सिद्ध व्हावं लागतं आणि पगाराची घासाघीस करताना हातात दाखवायला काही नसतं. आयटीआयमध्ये वेल्डर आणि फिटर घडतात. तसाच हायड्रॉलिक ॲक्सल ऑपरेटरचा अभ्यासक्रम हवा. त्यात दाबाचं गणित, गुरुत्वमध्य आणि माल बांधणी यांची परीक्षा असावी, आणि जुन्या हेल्परांना अनुभवाच्या जोरावर थेट परीक्षेला बसता यावं. देशातली वीजकेंद्रं आणि कारखाने या माणसांच्या अंदाजावर उभे राहतात. त्या अंदाजाला कागदावर मान मिळाला, तर खेड्यातला पोरगा हे काम नाइलाजाने नाही, करिअर म्हणून निवडेल.